प्रलयोत्तर चाहतेकथा

मालिका, चित्रपट किंवा कादंबरीतील परिचित पात्रे घेऊन चाहत्यांनी हौसेने लिहिलेल्या कथांना फॅनफिक्शन म्हणतात. महामारी, युद्ध किंवा अन्य उत्पातामुळे मानवी संस्कृती कोसळल्यानंतरचे जगणे चितारणारा त्यातील कथाप्रकार म्हणजे प्रलयोत्तर चाहतेकथा. ‘प्रलय’ हा शब्द येथे सोयीपुरताच घेतला आहे. पुराणांतील प्रलयानंतर नवी सृष्टी येते, या कथा मात्र बहुधा मधल्या उजाड काळातच रेंगाळतात.

मूळ कलाकृतीच प्रलयोत्तर असेल, तर चाहते तिचा धागा पुढे नेतात. ती तशी नसेल, तर तिच्यातील गुप्तहेर किंवा शाळकरी मुले उद्ध्वस्त जगात आणून ठेवली जातात. अशा पर्यायी विश्वाच्या कथेला चाहत्यांच्या बोलीत ‘एयू’ म्हणतात. या दोहोंच्या सीमेवरचे ठळक उदाहरण म्हणजे ‘एन्डव्हर्स’. सुपरनॅचरल या अमेरिकी मालिकेच्या पाचव्या पर्वातील, ऑक्टोबर २००९ मध्ये प्रसारित झालेल्या ‘द एन्ड’ या भागात नायक डीन याला पाच वर्षे पुढच्या, म्हणजे २०१४ मधील जगात नेले जाते. तेथे एका विषाणूने माणसे हिंस्र झाली आहेत, धाकटा भाऊ सॅम याच्या देहाचा ताबा सैतानाने घेतला आहे आणि कॅस्टिएल हा देवदूत सामर्थ्य गमावून नशेच्या आहारी गेला आहे. पुढे मालिका वेगळ्या वाटेने गेली आणि ते भविष्य तिच्यात कधी उगवलेच नाही. चाहत्यांनी मात्र पाऊण तासाहून कमी वेळाच्या त्या दर्शनातून ‘एन्डव्हर्स’ हे स्वतंत्र विश्व उभारले : मधल्या पाच वर्षांत काय घडले, देवदूताचे बळ कसे ओसरत गेले, वाचलेल्या माणसांचा म्होरक्या असलेला भविष्यातील डीन मेल्यावर त्यांची छावणी कोणी सांभाळली, या मोकळ्या जागा त्यांनी भरल्या.

या प्रकाराचे खरे वैशिष्ट्य प्रलयात नाही, ओळखीत आहे. पात्रांनी काय गमावले हे वाचकाला आधीच ठाऊक असल्याने लेखकाला त्यांचे पूर्वायुष्य सांगावे लागत नाही, आणि म्हणून जग कसे बुडाले हे दोन परिच्छेदांत उरकून जखम शिवणे, शिध्याची वाटणी, रात्रीचा पहारा आणि रक्ताचे नाते नसलेल्यांनी एकमेकांना धरून राहणे यांवर पानेच्या पाने खर्च करता येतात. आपत्तीची शास्त्रीय संगती अनेकदा लंगडी असते. वाचक तिकडे फारसे लक्ष देत नाहीत.

२००९ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या चाहतेकथांच्या ऑनलाइन संग्रहात अशा कथा टॅगवरून शोधता येतात. लेखकांनी मनाला येईल तसे लिहिलेले समानार्थी टॅग स्वयंसेवक एकत्र जोडतात. वाचकाला सावध करण्यासाठी तेथे कथेवर लावल्या जाणाऱ्या ठरावीक इशाऱ्यांपैकी एक प्रमुख पात्राच्या मृत्यूचा आहे. त्यामुळे निम्मी पृथ्वी ओस पडलेल्या कथेवरही, नायक जिवंत राहिल्यास, तो इशारा नसतो. शेवट आधीच उघड होऊ नये म्हणून काही लेखक ‘इशारा न देण्याचा’ पर्याय निवडतात.