आधी कळस, मग पाया: कॉग्निटिव्ह सायन्स पदव्युत्तर पातळीवरच का शिकवलं जाऊ लागलं

कॉग्निटिव्ह सायन्स म्हणजे मन कसं काम करतं याचा अनेक शास्त्रांच्या मदतीने शोध घेणारा विषय. त्याच्या एम.एस्सी.चा पहिल्या सत्रातला वर्ग पाहिला की एक गोष्ट लगेच नजरेत भरते. मानसशास्त्राची पदवी घेऊन आलेली मुलगी आयुष्यातला पहिला प्रोग्रॅम लिहीत असते. संगणक अभियंता वाक्यांची झाडं, म्हणजे वाक्यरचना दाखवणाऱ्या फांद्यांच्या आकृत्या, काढत बसलेला असतो आणि कर्ता नेमका कोणत्या फांदीवर टांगायचा ते त्याला कळत नसतं. तत्त्वज्ञानाचा पदवीधर संख्याशास्त्राशी झटापट करत असतो. भौतिकशास्त्रात असं होत नाही. तिथे एम.एस्सी.ला येणारा प्रत्येक जण यामिकी आणि विद्युतचुंबकत्व शिकूनच आलेला असतो. इथे सगळ्यांचा मिळून एक पाया नसतो.

अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी हयगय केली म्हणून असं झालेलं नाही. हा विषय घडलाच उलट्या क्रमाने. आधी वेगवेगळ्या खात्यांतले प्रौढ संशोधक एकत्र आले, मग त्यांना पैसा मिळाला, मग नियतकालिक आणि संस्था निघाली, मग पीएच.डी. आणि स्वतंत्र विभाग आले. पदवीपूर्व अभ्यासक्रमाचा नंबर बहुतेक ठिकाणी शेवटी लागला, काही ठिकाणी अजून लागलेलाच नाही. प्रवेश घेण्याआधी हा क्रम ठाऊक असेल, तर पुढचा बराच गोंधळ समजण्याजोगा होतो.

मन हा विज्ञानाचा विषय होऊ शकतो का, हा वाद जुना आहे. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली लाइपझिगला प्रयोगशाळा काढली, तेव्हा मनाचा अभ्यास प्रयोगाने करता येईल असा विश्वास होता. त्या काळातलं एक मुख्य साधन होतं प्रशिक्षित निरीक्षकाने स्वतःच्या अनुभवाचं केलेलं वर्णन. अडचण अशी की दोन प्रयोगशाळांतल्या निरीक्षकांची वर्णनं जुळली नाहीत, तर खरं कोणाचं हे ठरवायला तिसरा कोणी नसे. जॉन वॉटसन यांनी १९१३ साली या अडचणीवर एकच घाव घातला. मानसशास्त्राने फक्त दिसणाऱ्या वर्तनाबद्दल बोलावं, मनाचं नाव काढू नये, असं त्यांनी मांडलं. पुढची सुमारे चाळीस वर्षं अमेरिकेतल्या मानसशास्त्र विभागांवर वर्तनवादाचं राज्य होतं. युरोपात मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे पियाजे, स्मृतीचा अभ्यास करणारे बार्टलेट आणि आकलन तुकड्यांत नसून अखंड असतं असं मानणारे गेस्टाल्टवाले आपापलं काम करत होते, हे विसरता कामा नये. वर्तनवाद मागे सारून मन परत आणणाऱ्या ‘कॉग्निटिव्ह क्रांती’च्या गोष्टी सांगताना त्यांचा उल्लेख फार घाईने उरकला जातो.

वर्तनवादाला खरा धक्का बाहेरून बसला. दुसऱ्या महायुद्धात मानसशास्त्रज्ञांना रडार, विमानांची उपकरणं आणि गोंगाटातलं संभाषण अशा कामांना जुंपलं गेलं. जॉर्ज मिलर यांनी शत्रूचं बोलणं आवाजाने कसं बुडवायचं, यावर युद्धकाळात संशोधन केलं आणि त्यातूनच १९४६ साली हार्वर्डची पीएच.डी. मिळवली. अशा कामात माणसाकडे संदेश घेणारी, निवडणारी आणि मर्यादित क्षमतेची यंत्रणा म्हणून पाहावंच लागतं. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली माहिती मोजण्याचं गणित दिलं आणि या पाहण्याला भाषा मिळाली.

त्याच वर्षी कॅलटेक या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठात मेंदू आणि वर्तन यांवरचा हिक्सन परिसंवाद भरला. तिथे मेंदूचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅशली यांनी जे मांडलं, ते आजही कोणत्याही प्रास्ताविक वर्गात सांगावं इतकं नितळ आहे. वर्तनवादाच्या मते क्रमाने होणारी कृती म्हणजे साखळी. एक हालचाल झाली, तिची संवेदना मेंदूकडे परतली, त्या संवेदनेने पुढची हालचाल घडवली. लॅशली यांनी वादकाच्या बोटांचं उदाहरण दिलं. कसलेल्या वादकाची बोटं सेकंदाला १६ वेळा आलटून-पालटून पडू शकतात, तीही बदलत्या क्रमाने. एका बोटाची संवेदना मेंदूपर्यंत जाऊन पुढच्या बोटाला आज्ञा मिळेपर्यंत तेवढा वेळच उरत नाही. याचा अर्थ क्रम आधीच कुठेतरी आखलेला असला पाहिजे. हा आखणारा भाग म्हणजेच वॉटसन यांनी दाराबाहेर काढलेलं मन. बोलतानाही हेच घडतं, हे त्यांनी भाषेतली उदाहरणं देऊन दाखवलं. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की येण्याच्या आधीच मानसशास्त्र आणि भाषाशास्त्र यांच्यातली भिंत इथे पातळ झाली होती.

मग १९५६ साल उजाडलं. त्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन मॅकार्थी, मार्विन मिन्स्की आणि इतर संशोधकांनी ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हे नाव घेऊन बैठक भरवली. सप्टेंबरमध्ये एमआयटीत माहिती सिद्धांतावर तीन दिवसांचा परिसंवाद झाला. परिसंवादाच्या तीनपैकी दुसऱ्या दिवशी, ११ सप्टेंबरला, अॅलन न्यूवेल आणि हर्बर्ट सायमन यांनी तर्कशास्त्रातली प्रमेयं सिद्ध करणारा प्रोग्रॅम मांडला, तर नोम चॉम्स्की यांनी व्याकरणाची तीन प्रारूपं. हे सगळं मुळात एकच आहे, असं वाटत आपण त्या सभागृहातून बाहेर पडलो, असं मिलर यांनी पुढे लिहिलं आणि विषयाची जन्मतारीख म्हणून त्यांनी हाच दिवस धरला.

तिथल्या माणसांच्या पदव्या पाहण्यासारख्या आहेत. सायमन यांची पीएच.डी. राज्यशास्त्रातली. चॉम्स्की २७ वर्षांचे आणि भाषाशास्त्रातले. मिलर संभाषणाच्या संशोधनातून आलेले. परिसंवाद होता अभियंत्यांचा. ज्या विषयाचा जन्म या दिवशी झाला असं मानतात, त्या विषयाची पदवी तिथे कोणाकडेच नव्हती आणि तिची गरजही कोणाला वाटली नसेल. प्रत्येकाकडे स्वतःचं शास्त्र पक्कं होतं, म्हणून तर दुसऱ्याच्या शास्त्रातलं काय उपयोगाचं आहे ते त्यांना दिसलं.

मिलर आणि जेरोम ब्रूनर यांनी १९६० साली हार्वर्डला ‘सेंटर फॉर कॉग्निटिव्ह स्टडीज’ काढलं. पाटीवर ‘कॉग्निटिव्ह’ हा शब्द लावणं हेच तेव्हा बंड होतं. पण ते संशोधनाचं केंद्र होतं, शिक्षणाचा विभाग नव्हे. विद्यार्थी आपापल्या खात्यातून येत आणि पदवीही त्याच खात्याची घेत.

विषयाला नाव मिळालं ते एका वादातून. ब्रिटनमध्ये जेम्स लाइटहिल यांच्या अहवालाने १९७३ साली कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनावर कडक टीका केली. त्याला उत्तर देताना एडिनबरोच्या ख्रिस्तोफर लाँगेट-हिगिन्स यांनी ‘कॉग्निटिव्ह सायन्स’ हा शब्द वापरला. या कामाची खरी किंमत यंत्रं बनवण्यात नाही, मन समजून घेण्यात आहे, हा त्यांचा मुद्दा होता. हे गृहस्थ मुळात सैद्धांतिक रसायनशास्त्रातले, हेही लक्षात ठेवण्यासारखं.

पैसा आला तो न्यूयॉर्कच्या स्लोन फाउंडेशनकडून. मज्जाविज्ञानाला आधार देऊन झाल्यावर, मेंदू आणि मन यांच्यातलं अंतर भरून काढायचं असं या संस्थेने ठरवलं आणि सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून काही वर्षांत कोट्यवधी डॉलर त्यात घातले. त्यांच्या समितीने १९७८ साली केलेल्या अहवालात ती प्रसिद्ध षट्कोनाची आकृती आहे. सहा कोनांवर मानसशास्त्र, भाषाशास्त्र, संगणकशास्त्र, मज्जाविज्ञान, मानववंशशास्त्र आणि तत्त्वज्ञान. सहा बिंदूंमध्ये १५ जोड्या होतात. जिथे दोन शास्त्रांचं एकत्र काम आधीच चालू होतं, तिथे जोडणारी रेघ ठळक, आणि जिथे नुसती आशा होती, तिथे तुटक. अहवालावर त्या काळी बरीच टीका झाली, पण आकृती टिकली. आज कोणत्याही विद्यापीठात हा विषय शिकायला गेलं तरी पहिल्या आठवड्यात ती फळ्यावर येतेच.

माझ्या मते ही आकृती जितकी उपयोगी, तितकीच फसवी आहे. ती सहाही कोन सारखेच मोठे दाखवते. प्रत्यक्षात प्रत्येक ठिकाणी एखादा कोन मोठा असतो आणि तोच बाकीच्यांना आपल्याकडे ओढतो.

पुढचं वेगाने झालं. ‘कॉग्निटिव्ह सायन्स’ हे नियतकालिक १९७७ मध्ये निघालं आणि १९७९ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या ला होया इथे कॉग्निटिव्ह सायन्स सोसायटी या संस्थेची पहिली परिषद भरली. सायमन, न्यूवेल, मिन्स्की, तत्त्वज्ञ जॉन सर्ल, भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लॅकॉफ असे एकमेकांशी अजिबात न पटणारे लोक एका व्यासपीठावर बोलले. अमेरिकेतल्या वासार कॉलेजने १९८२ साली पदवीपूर्व अभ्यासक्रम सुरू केला, पण तो त्या काळातला अपवाद. स्वतंत्र विभाग आला १९८६ साली, सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, डोनल्ड नॉर्मन यांच्या पुढाकाराने. जगातला असा पहिला विभाग म्हणून तो ओळखला जातो. त्याखेरीज तिथे आंतरविद्याशाखीय पीएच.डी.ही आहे. विद्यार्थ्याचं एक मूळ खातं असतं आणि पदवीवर दोन्ही नावं येतात, जसं ‘भाषाशास्त्र आणि कॉग्निटिव्ह सायन्स’. षट्कोन एका माणसाच्या डोक्यात बसवायचा तर दोन कोनांपासून सुरुवात करावी, हा यातला शहाणपणा मला आजही पटतो.

त्या पिढीतल्या विद्यार्थ्याचा प्रवास कसा असे, ते जेफ्री हिंटन यांच्याकडे पाहून कळतं. केंब्रिजला प्रायोगिक मानसशास्त्राची पदवी, मग एडिनबरोला कृत्रिम बुद्धिमत्तेत पीएच.डी., मार्गदर्शक तेच लाँगेट-हिगिन्स. गुरूचा कल एव्हाना चिन्हांवर आधारलेल्या पद्धतींकडे, म्हणजे विचार चिन्हं आणि नियमांत मांडण्याकडे, वळला होता, शिष्याने न्यूरल नेटवर्क, म्हणजे मेंदूतल्या पेशींच्या धर्तीवरचं गणिती जाळं, सोडलं नाही. पीएच.डी.नंतर हिंटन सॅन डिएगोच्या कॉग्निटिव्ह सायन्स कार्यक्रमात गेले आणि डेव्हिड रुमेलहार्ट यांच्याबरोबर काम करू लागले. चुकांमधून जाळ्याला शिकवण्याच्या बॅकप्रोपगेशन पद्धतीवर रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांचा निबंध १९८६ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. त्याच वर्षी रुमेलहार्ट आणि मॅक्लेलंड यांच्या गटाचे समांतर प्रक्रियेवरचे दोन खंड निघाले. हिंटन यांना २०२४ साली नोबेल मिळालं ते भौतिकशास्त्राचं. मानसशास्त्रापासून निघालेली वाट कुठे पोहोचली!

या खंडांनी अभ्यासक्रमही बदलला. तोवर वर्गात तर्कशास्त्र, व्याकरण आणि चिन्हांवर चालणारे प्रोग्रॅम यांचा जोर होता. आता रेषीय बीजगणित आणि कलनशास्त्र आवश्यक झालं. नव्वदीच्या दशकात एफएमआरआय, म्हणजे काम करत असलेल्या मेंदूची चित्रं घेणारं तंत्र, आल्यावर मज्जाविज्ञानाचा कोन फुगला आणि त्यासोबत संख्याशास्त्राचं ओझं वाढलं. म्हणजे दर दहा-पंधरा वर्षांनी पायाच बदलत गेला. जो पाया स्थिर नाही, त्याची तीन वर्षांची पदवी आखणं अवघड. पदव्युत्तर पातळीवर मात्र दोन पूरक पेपर घालून वाट काढता येते.

युरोपात १९९९ च्या बोलोन्या करारानंतर पदवी आणि मास्टर्स हे टप्पे वेगळे झाले आणि विषयाला स्वतंत्र मास्टर्स मिळायला जागा झाली. व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्ट आणि ल्युब्लियाना इथल्या विद्यापीठांनी तर एकच मास्टर्स वाटून घेतला. विद्यार्थी एक सत्र दुसऱ्या शहरात काढतो, कारण सहाही कोन एका ठिकाणी नीट शिकवले जात नाहीत, हे त्यांनी उघडपणे मान्य केलं आहे. त्यामुळे कुठेही अर्ज करताना माहितीपत्रकातला षट्कोन बाजूला ठेवावा आणि तो विभाग कोणत्या खात्यातून फुटून निघाला ते शोधावं. मानसशास्त्रातून निघालेल्या विभागात प्रयोगांची आखणी उत्तम शिकायला मिळते, संगणकशास्त्रातून निघालेल्या विभागात प्रारूपं बांधणं. प्रबंधाचे मार्गदर्शक कोणत्या दोन खात्यांतून घेता येतात, हे विचारलं तर अर्धं चित्र स्पष्ट होतं.

मानववंशशास्त्राचा कोन मात्र मागे पडला, याची मला खंत आहे. एडविन हचिन्स यांनी जहाजाच्या सुकाणूकक्षात बसून दाखवलं होतं की दिशा ठरवण्याचा ‘विचार’ एका डोक्यात नसतो, तो नकाशा, उपकरणं आणि पाच-सहा माणसं यांच्यात वाटलेला असतो. त्यांचं हे पुस्तक १९९५ मध्ये आलं. एवढं भक्कम काम असूनही त्या कोनाकडून येणारे विद्यार्थी आणि शिक्षक फारसे वाढले नाहीत.

‘नेचर ह्युमन बिहेवियर’मध्ये २०१९ साली एक लेख आला, कॉग्निटिव्ह सायन्सचं झालं तरी काय, असं विचारणारा. ‘कॉग्निटिव्ह सायन्स’ या नियतकालिकात लिहिणारे कोणत्या खात्यातले, संदर्भ कोणाचे दिले जातात, पदवीपूर्व अभ्यासक्रमांत काय शिकवतात, हे सगळं तपासून लेखाच्या लेखकांनी निष्कर्ष काढला की सहा शास्त्रांचं एकसंध शास्त्र झालं नाही, आणि नियतकालिकावर मानसशास्त्राचा वरचष्मा आहे. त्यावर बरीच उत्तरं आली. विविधता हेच बळ आहे, एकसंध व्हायची गरजच काय, असं म्हणणारेही पुष्कळ होते. लेखाचे लेखक सॅन डिएगोच्या त्याच पहिल्या विभागातले, राफाएल नुन्येझ आणि त्यांचे सहकारी. त्यांच्यात त्या वेळी पीएच.डी. करत असलेले विद्यार्थीही होते.