घरी शिकणाऱ्या मुलांची दहावी: एक खुलासा

‘शाळेत नाव नसलेल्या मुलाला दहावीची परीक्षा देता येत नाही,’ असा संदेश नाशिकच्या पालकांमध्ये वर्षानुवर्षे फिरतो आहे. गंगापूर रोडपासून सिडकोपर्यंत अनेक घरांत मुलांना घरी शिकवण्याचा विचार याच भीतीपोटी अर्ध्यावर थांबतो. ही भीती समजण्यासारखी आहे, कारण बहुतेकांनी शाळेतूनच परीक्षेला बसलेली मुले पाहिलेली असतात.

वस्तुस्थिती वेगळी आहे. राज्य मंडळाच्या परीक्षेला खासगी विद्यार्थी म्हणून बसण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म असतो. मात्र त्यासाठी पूर्वीच्या शाळेचा दाखला लागतो, म्हणून मूल कधीच शाळेत गेले नसेल, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा (एनआयओएस) मार्ग अधिक सोयीचा ठरतो. तेथे वयाची १४ वर्षे पूर्ण झाल्यावर माध्यमिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळतो.

तरीही २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातील कलम १० नुसार ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य मानले आहे, हे माझ्या मते निर्णयापूर्वी गांभीर्याने विचारात घ्यायला हवे. त्याच कायद्यातील कलम ४ मात्र शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेशाचा हक्क देते, त्यामुळे या वयात परतीची वाटही खुली राहते.

पडताळणीसाठी कायद्यातील ही दोन्ही कलमे मूळ मजकुरातून वाचावीत, आणि १७ नंबरच्या फॉर्मच्या चालू वर्षाच्या अटी व मुदत मंडळाच्या नाशिक येथील विभागीय कार्यालयात विचारावी.