‘पीओवर ९० दिवस लिहिलंय, मग ९० दिवसच’ हा समज चुकीचा आहे

छोट्या वर्कशॉपच्या मालकाला मोठ्या कंपनीची पर्चेस ऑर्डर (पीओ) येते. खाली बारीक अक्षरांत छापलेलं असतं: ‘पेमेंट ९० दिवसांनी’. सही केली की हात बांधले गेले, असं तो धरून चालतो. वर्षानुवर्षं हेच ऐकतोय आपण.

२००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायद्याचं कलम १५ स्पष्ट आहे. माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवस. लेखी करार नसेल तर १५. ४५ दिवसांपुढची मुदत दोघांच्या सहीनेही टिकत नाही. उशीर झाला, तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या ‘बँक रेट’ या व्याजदराच्या तिप्पट दराने व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. २०२३-२४ पासून आयकरातही चाप बसलाय: मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष चुकती करेपर्यंत कंपनीला खर्चात धरता येत नाही.

हे संरक्षण सूक्ष्म आणि लघु उद्योगांनाच आहे, मध्यम उद्योगांना नाही. उद्यम नोंदणी (अशा उद्योगांची सरकारी नोंदणी) माल पाठवण्याआधी करा, नंतरच्या नोंदणीवरून वाद होतात. गिऱ्हाईक तुटेल ही भीती खरीच आहे. म्हणून आधी कलमाचा उल्लेख करून साधं पत्र द्या. तरीही पैसे आले नाहीत, तर अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या राज्याच्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते.