अर्ध्या मिनिटासाठी घडलेलं शरीर

ग्रेहाउंड कुत्र्याच्या रक्ताचा रिपोर्ट या जातीची सवय नसलेल्या पशुवैद्याच्या हाती पडला, की त्याच्या कपाळावर आठ्या पडतात. लाल पेशी भलत्याच जास्त, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी, थायरॉइडचं संप्रेरक तळाला, मूत्रपिंडाचं काम जोखायला मोजतात ते क्रिएटिनिन चढलेलं. छातीला स्टेथोस्कोप लावावा तर हृदयातून हलकासा खरखरता आवाज. कागदावरून पाहिलं तर हा प्राणी अंगातलं पाणी कमी झालेला, थायरॉइड मंदावलेला आणि मूत्रपिंडं कुरकुरू लागलेला दिसतो. प्रत्यक्षात तो सोफ्यावर चारी पाय वर करून झोपलेला असतो आणि त्याला काहीही झालेलं नसतं.

साधारण कुत्र्याच्या रक्तात लाल पेशींचा वाटा 37 ते 55 टक्के असतो. ग्रेहाउंडमध्ये तो 50 ते 65 टक्क्यांपर्यंत जातो. बहुतेक कुत्र्यांचं हृदय शरीराच्या वजनाच्या पाऊण टक्क्याच्या आसपास भरतं, ग्रेहाउंडचं सव्वा टक्क्याकडे झुकतं. त्यातून रक्ताचा लोंढा जोरात बाहेर पडतो, म्हणून तो आवाज. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं आणि स्नायू तर इथे भरपूर. शर्यतीच्या क्षणी प्लीहा आकसते आणि साठवलेल्या लाल पेशी रक्तात ढकलते. ही सगळी जय्यत तयारी कशासाठी? तर 480 मीटरच्या शर्यतीसाठी, जी अर्ध्या मिनिटात संपते.

नजरेनं सावज हेरून पाठलाग करणाऱ्या कुत्र्यांचं एक मोठं घराणं आहे. ग्रेहाउंड, व्हिपेट, सालुकी, स्कॉटलंडचा डिअरहाउंड, आणि आपल्याकडचा कारवानी. लांब तोंडाच्या कुत्र्यांच्या डोळ्याच्या पडद्यावर चेतापेशी आडव्या पट्ट्यात दाटलेल्या असतात, त्यामुळे सपाट माळावर क्षितिजालगत हललेली वस्तू त्यांना चटकन टिपता येते. चपट्या नाकाच्या कुत्र्यांमध्ये याच पेशी मध्यभागी गोळा झालेल्या असतात. पग मालकाच्या तोंडाकडे टक लावून बसतो आणि कारवानी तुमच्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी बघत राहतो. या दोन सवयींमागे डोळ्याची ही रचनाही काही अंशी असेल, असं मला वाटतं.

पण खरी गंमत पळण्यात आहे. घोडा चौखूर उधळतो तेव्हा एका ढांगेत एकदाच पूर्ण हवेत असतो, चारी पाय पोटाखाली गोळा झालेले असतात तेव्हा. ग्रेहाउंड एका ढांगेत दोनदा हवेत असतो: एकदा पाय गोळा करून आणि एकदा पुढचे पुढे, मागचे मागे असे ताणून. मधल्या काळात पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकतो आणि सुटतो. ढांग साधारण पाच मीटरची, आणि सेकंदाला अशा साडेतीन ढांगा. 1994 साली ऑस्ट्रेलियात वायाँगच्या सरळ ट्रॅकवर ‘स्टार टायटल’ नावाच्या ग्रेहाउंडनं सुमारे 366 मीटर अंतर 19.57 सेकंदांत कापलं. ताशी 67 किमीपेक्षा थोडा जास्तच वेग झाला.

सरळ ट्रॅकवरचं कौतुक एक वेळ समजतं, वळणावरचं जास्त चक्रावून टाकतं. माणूस वळणावर धावताना हळू होतो. शरीराचा भार आणि शिवाय बाहेरच्या बाजूला फेकणारा जोर, असं दोन्ही पायांना पेलावं लागतं, आणि पायाच्या ताकदीला मर्यादा असते. मग माणूस पाय जमिनीवर थोडा जास्त वेळ टेकवतो. जेम्स अशरवुड आणि ॲलन विल्सन या ब्रिटिश संशोधकांनी 2005 साली ग्रेहाउंड मोजले. वळणावर त्यांच्या पायांवरचा जोर 65 टक्क्यांनी वाढत होता, तरी वेग घटत नव्हता आणि पाय टेकवण्याचा काळही बदलत नव्हता. संशोधकांनी त्याचा अर्थ असा लावला की ग्रेहाउंडमध्ये वजन पेलण्याचं काम आणि पुढे ढकलण्याचं काम वेगवेगळं होतं. ताकद येते ती नितंबाच्या आणि पाठीच्या स्नायूंतून, पाय निव्वळ टेकू देतात. सायकलस्वाराचंही असंच असतं. वजन सीट तोलते, पाय फक्त पेडल मारतात.

अर्थात हा वाढलेला जोर हाडांनाच सोसावा लागतो. शर्यतीचे ट्रॅक घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतात, म्हणून ग्रेहाउंडच्या उजव्या मागच्या पायाच्या घोट्यातलं मधलं हाड वारंवार मोडतं. डाव्या पायाचं क्वचित. फिरत्या नकली सशाच्या मागे गोल पळवण्याची ही कल्पना मुळात 1919 ची, कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिलची. ती 1926 मध्ये मँचेस्टरच्या बेल व्ह्यू ट्रॅकवर आली आणि ब्रिटनभर पसरली. त्या खेळानं जो कुत्रा घडवला तो वेगाच्या टोकाला पोहोचलेला आहे. शेतावर मात्र त्याचा उपयोग यथातथाच.

कारण शेत म्हणजे ट्रॅक नाही. तिथे काटेरी तारा असतात, नांगरटीचे गोटे असतात, आणि ससा वाकडातिकडा पळतो. शुद्ध ग्रेहाउंडची कातडी पातळ, झटकन फाटणारी. एकदा सावज दिसलं की हाक ऐकू येत नाही. पाठलाग संपला की तो धापा टाकत उभा. म्हणून इंग्लंड-आयर्लंडमधल्या शिकारी, गुराखी आणि भटक्या लोकांनी ग्रेहाउंडमध्ये दुसरं रक्त मिसळलं. मेंढ्या राखणाऱ्या कोलीचं, नाहीतर मेंढीसारख्या कुरळ्या केसांच्या बेडलिंग्टन टेरियरचं. हा मिश्र कुत्रा म्हणजे लर्चर. पळणाऱ्या दोन जातींचाच संकर असेल, उदाहरणार्थ ग्रेहाउंड आणि सालुकी, तर जाणकार त्याला लर्चर म्हणत नाहीत, ‘लाँगडॉग’ म्हणतात. या फरकावरून तिथे तासन्‌तास वाद चालतात.

यामागे गरिबीचाही इतिहास आहे. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या काळात, 1390 च्या सुमारास, वर्षाला 40 शिलिंगांचं जमिनीचं उत्पन्न नसलेल्या सामान्य माणसाला शिकारीसाठी ग्रेहाउंड पाळायला कायद्यानं बंदी झाली. ग्रेहाउंड साहेबाचा, गरिबाकडे दिसला तर तो चोर. केसाळ, ओबडधोबड, कुठल्याच जातीचा न वाटणारा कुत्रा मात्र दारात बसलेला कुणाच्या डोळ्यावर येत नसे. लर्चरच्या गबाळ्या रूपाला अशीही एक सोय होती.

आनुवंशिकतेच्या भाषेत सांगायचं तर ग्रेहाउंड आणि कोलीची पहिली पिढी बरीचशी एकसारखी निघते: वेग ग्रेहाउंडपेक्षा कमी, डोकं मात्र जागेवर. मग तिच्यातली कुत्री पुन्हा ग्रेहाउंडला देतात, म्हणजे पाऊण रक्त ग्रेहाउंडचं होतं आणि वेग परत येतो. पण दोन लर्चरच एकमेकांना दिले की जनुकांचे पत्ते नव्यानं पिसले जातात. एकाच वेतातलं एक पिल्लू ग्रेहाउंडसारखं, दुसरं कोलीसारखं, तिसरं दोन्हींचे दोष घेऊन आलेलं. म्हणून लर्चर ही ‘जात’ स्थिर होत नाही, आणि मला विचाराल तर होऊही नये. कामाची गरज बदलली की मिश्रण बदलता यावं, यातच तिची ताकद आहे.

काम कसलं? बहुतेक सशांचं. बिळात फेरेट हा मुंगसाच्या चणीचा पाळीव प्राणी सोडतात, तोंडाशी जाळी लावतात आणि जाळीतून निसटलेला ससा लर्चर धरतो. रात्री शक्तिशाली दिव्याच्या झोतात ससा हेरून कुत्रा सोडण्याची पद्धतही आहे. चांगला लर्चर ससा जिवंत, न चावता, मालकाच्या हातात आणून देतो. हा कोलीचा गुण. ग्रेहाउंडकडून त्याची अपेक्षा ठेवू नये. 2005 मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये शिकारबंदी कायदा अमलात आला. माळावरच्या मोठ्या सशामागे कुत्री सोडण्याच्या स्पर्धा थांबल्या, आणि 1836 पासून लिव्हरपूलजवळ भरणारा वॉटर्लू कप त्याच वर्षी शेवटचा झाला. बिळातले ससे आणि उंदीर यांना कायद्यानं वगळलं, पण जमीनमालकाची परवानगी हवी. पूर्व इंग्लंडच्या सपाट शेतांत चोरून सशांवर कुत्री सोडणारे आणि त्यावर पैजा लावणारे टोळीबाज अजून आहेत. 2022 च्या कायद्यानं त्यांच्या शिक्षा वाढवल्या. त्यांच्यामुळे सरळ माणसाच्या लर्चरकडेही गावात संशयानं पाहिलं जातं.

वेगासाठी निवड करताना माणूस नकळत जनुकांशी कसा खेळतो, याचं उत्तम उदाहरण व्हिपेट. उत्तर इंग्लंडच्या खाणकामगारांनी ही छोटी जात जोपासली. शर्यतीत ट्रॅकच्या टोकाला मालक फडकं हलवायचा आणि कुत्री त्याच्याकडे धावायची. स्नायूंची वाढ आवरणारं मायोस्टॅटिन नावाचं प्रथिन असतं. काही व्हिपेटमध्ये त्याच्या जनुकातली दोन अक्षरं गळालेली असतात, हे 2007 साली कळलं. अशी एक प्रत असलेला कुत्रा इतरांपेक्षा वेगवान असतो. दोन्ही प्रती तशा असतील तर मात्र पिल्लू पैलवानासारखं फुगतं, जाडजूड मानेचं, आणि शर्यतीत मागे पडतं. दोन वेगवान कुत्र्यांची जोडी लावली तर चारातलं सरासरी एक पिल्लू असं निघतं. पैदास करणाऱ्यांना जनुकाचं नाव ठाऊक नव्हतं, पण जिंकणारे कुत्रे निवडता निवडता ते हा बदल वाढवत होते.

हे कुत्रे पाळणाऱ्याला या शरीराचे हट्ट सांभाळावेच लागतात. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट भुलीची. थायोपेंटाल या जुन्या भूल-औषधातून ग्रेहाउंड तासन्‌तास बाहेर येत नसे. अंगात चरबी नाही म्हणून असं होतं, असं बराच काळ सांगितलं गेलं. ते अर्धंच खरं होतं. या कुत्र्यांच्या यकृतातली औषध मोडणारी यंत्रणाच मंद असते. लर्चरमध्ये कोलीचं रक्त असेल तर आणखी एक भानगड. अनेक कोलींमध्ये एमडीआर-1 जनुकात दोष असतो, त्यामुळे आयव्हरमेक्टिनसारखं जंतांवरचं औषध मोठ्या मात्रेत दिलं तर ते मेंदूत शिरून विषबाधा करतं. म्हणजे आईबापांची नीट माहिती नसलेला लर्चर डॉक्टरकडे नेताना दोन्ही शक्यता बोलून दाखवाव्यात. जोरात पळाल्यावर शरीराचं तापमान 41 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतं, आणि थंडीत हेच कुत्रं कुडकुडतं. चरबीची गादी नाही, मऊ अंथरूण लागतंच. छाती खोल असल्यानं जेवणानंतर लगेच पळवू नये, पोटाला पीळ पडण्याचा धोका असतो.

लर्चरची प्रदर्शनंही त्यांच्यासारखीच सैल. लंडनच्या केनेल क्लबच्या नोंदीत त्यांना जागा नाही, म्हणून गावच्या जत्रेत मैदान आखून उंची 23 इंचांच्या वर की खाली, अंग केसाळ की गुळगुळीत, एवढ्यावर वर्ग पाडतात. पंच खांदा, पंजे, दात आणि अंगावरचे जुने व्रण पाहतो. शेजारीच नकली सशामागची शर्यत आणि उड्यांची स्पर्धा असते. दिसायला देखणा पण पळताना लंगडा कुत्रा तिथे लपत नाही.

आपल्याकडे मुधोळ संस्थानच्या मालोजीराव घोरपड्यांनी दख्खनी शिकारी कुत्र्यांना नाव मिळवून दिलं. मराठवाड्यात आणि सीमाभागात त्यालाच कारवानी म्हणतात, कानांना झुपकेदार केस असलेल्याला पश्मी. 2005 मध्ये मुधोळ कुत्र्यावर टपाल तिकीट निघालं. 2016 मध्ये लष्करानं मेरठला मुधोळ कुत्र्यांना प्रशिक्षण द्यायला घेतलं. मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यक विद्यापीठाचं केंद्र आहे. नावलौकिकानंतर मागणी वाढली, आणि मागणीबरोबर मानेचा बाक आणि रंग बघून पिल्लं विकणारेही वाढले. धावून पाहिल्याशिवाय निवडलेली कारवानीची पिढी कशी निघेल, याची मला धास्ती वाटते.

भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार सशाची शिकार गुन्हा आहे, तेव्हा पुण्यात किंवा लातूरला कारवानी पाळणाऱ्यानं त्याला कुंपण घातलेल्या मैदानात, उन्हं चढायच्या आत, कापडाच्या नकली सशामागे पळवावं. गळपट्टा रुंद घ्यावा, कारण या कुत्र्यांचं डोकं मानेपेक्षा बारीक असतं आणि साधा पट्टा सहज निसटतो. नसबंदी करायची असेल तर आधी डॉक्टरांशी भुलीबद्दल बोलावं, आणि निरोगी असतानाचा रक्ताचा एक रिपोर्ट काढून फाइलला लावून ठेवावा. पुढे कधी तो आजारी पडला, तर तुलना करायला त्याचेच आकडे हाताशी असतील.