नाक धरलं की वेलची कुठे जाते?

‘डोळ्यांनी पाहतो, कानांनी ऐकतो, जिभेने चव घेतो’ हे बालवाडीतलं पोर दोन दिवसांत घडाघडा म्हणून दाखवतं. तक्ता पाठ झाला, पण जीभ आणि नाक एकमेकांत किती मिसळलेले असतात याचा त्याला पत्ताच नसतो. तो लागायला स्वयंपाकघर पुरतं.

दोन वाट्यांत साखरपाणी घ्या. एकीत चिमूटभर वेलचीपूड, दुसरीत सुंठ. मुलाला डोळे मिटून नाक घट्ट धरायला सांगा आणि वेलचीच्या पाण्याचे दोन थेंब जिभेवर सोडा. उत्तर येतं, “गोड.” एवढंच. आता नाक सोडायला सांगा. क्षणात वेलची ‘लागते’! जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (टोमॅटो, मशरूममध्ये असते ती रुचकर चव) एवढ्याच चवी कळतात. वेलचीचा गंध घशामागच्या वाटेने नाकात चढतो, आणि नाक धरलं की ती हवाच खेळत नाही. सर्दीत आमटी बेचव लागते ती याच कारणाने.

सुंठीची गंमत वेगळी. ती नाक धरूनही झोंबते. आपल्या षड्रसांत तिखट असलं, तरी विज्ञान त्याला चव मानत नाही. ते काम उष्णता आणि वेदना टिपणाऱ्या चेतातंतूंचं. मिरचीतल्या कॅप्सेसिन या झोंबणाऱ्या द्रव्याने या तंतूंवरचा जो ग्राही (संवेदना टिपणारा रेणू) चेततो, तोच सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या पुढच्या उष्णतेनेही चेततो. म्हणजे मेंदूला तोंड भाजल्याचीच वर्दी जाते. हा ग्राही शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१चं नोबेल विभागून मिळालं.

जिभेच्या टोकाला गोड, मागे कडू अशी आकृती अजून काही गाइडांत दिसते. ती चूक आहे. बोटाला मीठ लावून ते जिभेवर वेगवेगळ्या ठिकाणी टेकवलं, की मुलं स्वतःच तपासू शकतात.

त्वचेसाठी तीन पातेली हवीत: कोमट पाणी, माठातलं गार पाणी आणि मध्ये नळाचं. एक हात कोमट पाण्यात, दुसरा गार पाण्यात मिनिटभर ठेवायचा, मग दोन्ही मधल्या पातेल्यात. एक हात म्हणतो गार, दुसरा म्हणतो कोमट! एकच पाणी दोन हातांना वेगळं भासतं, हे तत्त्वज्ञ जॉन लॉकने सतराव्या शतकातच लिहून ठेवलंय. त्वचा तापमानापेक्षा त्यातला बदल जास्त टिपते. पण हे आधी सांगून टाकू नका. मुलांना आधी भांडू द्या, आणि कोणता हात खरा ते ठरेना, की मग थर्मामीटर काढा.