गेटच्या आत, पण वहीबाहेर: बेहिशेबी मालावरच्या दंडाची पार्श्वभूमी

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीत (ओतकाम कारखान्यात) कर खात्याचे तपासणी पथक आले, गोदामातले कास्टिंग (ओतीव भाग) मोजले आणि वहीतल्या आकड्यापेक्षा माल जास्त भरला, असे समजा. पंचनामा होतो, माल जप्त होतो, पुढे कारणे दाखवा नोटीस येते. कारखानदार म्हणतो, माल माझ्याच आवारात आहे, कर बुडाला कुठे? खाते म्हणते, वहीत नाही त्याअर्थी तो गुपचूप बाहेर जाणार होता. जीएसटी येण्याआधी, २०१७ पर्यंत, कारखान्याच्या बहुतेक मालावर केंद्रीय उत्पादन शुल्क होते. ते माल तयार होताच लागू होई, भरायचे मात्र तो गेटबाहेर काढताना. सगळा वाद या दोन टप्प्यांमधल्या जागेतला.

साखरेवर हे शुल्क १९३४ मध्ये आले, तंबाखूवर १९४३ मध्ये, आणि १९४४ च्या कायद्याने सगळे एका छत्राखाली आणले. तंबाखूमुळे हे खाते कारखान्यांबरोबर शेतकऱ्याच्याही दारात पोचले होते. पीक घेणाऱ्याने माहिती द्यायची, तयार माल परवान्याच्या वखारीत ठेवायचा, असा तो जाच होता. कच्च्या तंबाखूवरचे शुल्क १९७९ मध्ये उठले. साखर कारखान्यात तर इन्स्पेक्टरच्या सहीशिवाय पोते हलत नसे. अशा व्यवस्थेत वहीबाहेरचा माल राहिलाच तर त्यात खात्याच्या माणसाचीही चूक निघे.

हे चित्र १९६८ पासून पालटले. स्वतः शुल्क आकारा, भरा आणि माल काढा, अशी पद्धत आली. अधिकारी गेटवरून हटला आणि त्याची जागा ‘आरजी-१’ या रोजच्या साठा नोंदवहीने घेतली. विश्वास वहीवर टाकला म्हणून वही चुकवणाऱ्याला शिक्षाही जबर ठेवली. उत्पादन शुल्काच्या नियम १७३-क्यूखाली तयार मालाचा हिशेब न ठेवल्यास माल जप्त आणि दंड मालाच्या किमतीच्या तिपटीपर्यंत. शुल्काच्या नव्हे, किमतीच्या! १९४४ च्या कायद्याच्या कलम ३४ खाली जप्तीऐवजी दंड भरून माल सोडवता येई, पण तो खर्च वेगळाच.

कायदा ‘तयार माल’ म्हणे, पण तयार कधी? साच्यातून निघालेल्या कास्टिंगचे फेटलिंग (जादा धातू काढून साफसफाई) व्हायचे असते, तपासणी व्हायची असते. त्याआधी ते वहीत कशाला लिहायचे, हा फाउंड्रीवाल्यांचा नेहमीचा बचाव, आणि बऱ्याचदा तो खराही असे. मोजणीचीही तीच तऱ्हा. पाच-दहा नग काट्यावर घालायचे आणि सरासरीने ढिगाचे वजन लिहायचे. साखर कारखान्यातल्या मळीच्या टाकीत फेस असेल तर डिपचा (पट्टी बुडवून घेतलेल्या मापाचा) आकडा फुगतो. अशा मोजणीवर चोरीचा ठपका ठेवणे मला तरी पटत नाही. साखरेच्या पोत्यांना मात्र हा फायदा सहज देता येत नाही. पोती मोजता येतात, आणि लेव्ही (सरकारला ठरलेल्या दराने द्यायची साखर) व मासिक कोटा (महिन्याला विकायची मर्यादा) असताना वहीबाहेरचे पोते म्हणजे कोट्याबाहेरची साखर होती. ती बंधने २०१३ मध्ये गेली, मासिक कोटा मात्र २०१८ मध्ये परत आला.

विक्रीकराच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये सांगितले होते, की कायदा जाणूनबुजून धाब्यावर बसवला असेल तरच दंड, निव्वळ तांत्रिक चुकीला नाही. अपिलांमध्ये हा निकाल वर्षानुवर्षे पुढे केला गेला. मग १९९६ मध्ये उत्पादन शुल्क कायद्यात कलम ११-एसी आले. फसवणूक किंवा लपवाछपवी करून शुल्क चुकवले तर तेवढाच दंड. या दंडात सूट देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ठरवले. पण आधी ती लपवाछपवी सिद्ध झाली पाहिजे, हा खुलासा २००९ चा. दरम्यान २००२ च्या उत्पादन शुल्क नियमांतल्या नियम २५ ने दंड मालाच्या किमतीवरून शुल्काच्या रकमेवर आणला होता. कारखानदारांना खरा दिलासा मिळाला तो इथे.

जुलै २०१७ पासून बहुतेक मालावर जीएसटी आहे. हिशेबात नसलेल्या मालावरचा कर कलम ७३ (फसवणूक नसेल तर) किंवा ७४ (फसवणूक असेल तर) खाली ठरवा, आणि २०२४-२५ पासूनच्या वर्षांसाठी कलम ७४-ए खाली, असे जीएसटी कायद्याचे कलम ३५(६) सांगते. जप्तीचे कलम १३० ही आहेच, आणि पथके अनेकदा थेट त्याकडे वळतात. निव्वळ जादा साठा सापडला म्हणून कलम १३० लावता येत नाही, असे अलाहाबाद उच्च न्यायालयाने अलीकडच्या निकालांत म्हटले आहे.