खिडकीतल्या पिशवीतला फोन

राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरी पडवीच्या खिडकीला एक प्लास्टिकची पिशवी कायम टांगलेली असते. पिशवीत काकीचा फोन. वाजला की पिशवीत हात घालून स्पीकर लावायचा आणि खिडकीशी उभं राहून बोलायचं. एकदा मी तो सहज उचलून आत न्यायला गेलो, तर काकी स्वयंपाकघरातून ओरडली, "अरे, हलवू नको तो, रेंज जाईल!" मला हसू आलं. मग रेंज मोजून बघितली आणि गप्प बसलो.

मोजायची म्हणजे दांड्या मोजायच्या नाहीत. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या, हे फोन बनवणारी प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने ठरवते. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधल्या 'अबाउट फोन'खाली सिम स्टेटसमध्ये खरा आकडा डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलच्या ताकदीच्या एककात, दिसतो. तो उणे असतो. ४जीसाठी उणे ८५ म्हणजे चैन. उणे ११०च्या खाली गेलं की आवाज तुटायला लागतो. या मोजपट्टीवर १० अंकांचा फरक म्हणजे शक्तीत दहापट फरक. पिशवीत आकडा होता उणे ९८, माजघरात उणे ११८. म्हणजे खिडकीशी येणाऱ्या सिग्नलचा जेमतेम शंभरावा भाग आत पोचत होता.

बाकीचा जातो कुठे? जांभ्याची जाड भिंत, त्यात पावसाळ्यात मुरलेलं पाणी. पाणी या लहरी शोषून घेतं. वर स्लॅब, म्हणजे काँक्रीट आणि त्यातली सळ्यांची जाळी. त्याच्यावर गळती नको म्हणून घातलेली पत्र्याची शेड, आणि पत्रा तर लहरी सरळ परतवून लावतो. शहरातही सुटका नाही. हल्ली टॉवरमधल्या फ्लॅटांत विटांऐवजी सगळ्याच भिंती मायव्हान पद्धतीने काँक्रीटच्या ओततात. काचेवर ऊन अडवणारा धातूचा पातळ थर असेल तर खिडकीसुद्धा भिंतीसारखी वागते.

लहरीच्या लांबीचाही यात हात आहे. ९०० मेगाहर्ट्झची लहर ३३ सेंटिमीटर, म्हणजे दीड वीत. ५जीच्या ३,५०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातली साधारण साडेआठ सेंटिमीटर, चार-पाच बोटं. लांब लहर कोपरे वळून घरात शिरते, आखूड लहर भिंतीतच दमते. म्हणून घरात ५जी येत-जात असेल तर सेटिंगमध्ये फोन ४जीवर ठेवून बघावा, अनेकदा कॉल स्थिर होतो.

काकीचं 'हलवू नको' मात्र याहून बारीक आहे. टॉवरकडून थेट आलेली लहर आणि भिंती, पत्रा, समोरचा डोंगर यांवरून उलटून आलेल्या लहरी खोलीत एकमेकींना भेटतात. कुठे त्या एकमेकींना जोर देतात, कुठे मारतात. या दोन जागांमधलं अंतर पाव लहरीइतकंही असू शकतं, म्हणजे ९०० मेगाहर्ट्झला आठ सेंटिमीटर. फोन चार बोटं सरकला की कॉल तुटतो, तो असा. शिवाय हात आणि डोकंही सिग्नल खातात, त्यामुळे टांगलेल्या फोनला हातातल्यापेक्षा जास्त मिळतं. काकीने जागा शोधली होती ती महिनाभर पिशवी या गजावरून त्या गजावर नेत.

त्यात मी भर घातली ती एवढीच: पिशवीतल्या फोनचा हॉटस्पॉट चालू केला. आता माजघरात बसून दुसऱ्या फोनवर व्हॉट्सॲप कॉल होतो.

रेंज वाढवतात म्हणून विकले जाणारे, फोनमागे चिकटवायचे चकचकीत स्टिकर घेऊ नका, पैसे पाण्यात. बूस्टर, म्हणजे बाहेरचा सिग्नल पकडून वाढवून घरात सोडणारं यंत्र, त्याहून वाईट, कारण तो चालतो. मंडपात माइक कर्ण्यासमोर गेला की जी शिट्टी बसते, तसंच बूस्टरच्या आतल्या आणि बाहेरच्या अँटेनाचं होतं. टॉवरला आपल्या फोनचं बोलणं आधीच कुजबुजीइतकं ऐकू येतं. ४जी फोनची ताकद फार तर ०.२ वॅट. त्यात ही शिट्टी शिरली की अख्ख्या वाडीचे कॉल बिघडतात. परवान्याशिवाय बूस्टर विकणं-बसवणं भारतात बेकायदेशीर आहे, ते उगाच नाही.

घरात ब्रॉडबँड असेल तर खरा उपाय फुकट आहे: वाय-फाय कॉलिंग. भारतात ते २०१९च्या डिसेंबरपासून मिळू लागलं. नंबर तोच, वेगळं ॲप नाही. कॉल टॉवरऐवजी राउटरमधून कंपनीकडे जातो. फोनच्या सेटिंगमधलं एक बटण चालू करायचं. फोन तरीही मरतुकड्या टॉवरला चिकटून राहिला तर एअरप्लेन मोड लावून फक्त वाय-फाय चालू करा, मुकाट राउटरकडे वळतो.

गेल्या गणपतीत वाडीत फायबर आला आणि मी काकीच्या फोनवर हे बटण चालू करून दिलं. दोन दिवस ती घरभर फिरत बोलली. तिसऱ्या दिवशी पाऊस लागला, लाइट गेली, तिच्यासोबत राउटरही गेला. राउटरचा छोटा यूपीएस आणायचं माझ्या डोक्यात येईपर्यंत काकीने पिशवी पुन्हा त्याच गजाला लावली होती.